पूर्ण एक मिनिट

मुलगी तीन दिवसांची होती तेव्हा आरोग्य कार्यकर्त्या ताई पहिल्यांदा घरी आल्या. आल्या आल्या त्यांनी हात धुवायला साबण मागितला. कोपरापर्यंत हात धुतले आणि पुसायला मी टॉवेल पुढे केला, तर मानेनेच नको म्हणाल्या. दोन्ही हात वर धरून ते वाळेपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. "टॉवेलला घरातल्या सगळ्यांचे हात लागलेले असतात," एवढंच म्हणाल्या आणि मग बाळाजवळ बसल्या.

बाळ जन्मली तेव्हा २१०० ग्रॅमची होती. अडीच किलोच्या खाली वजन असलं की बाळ कमी वजनाचं धरतात, हे मला रुग्णालयात सांगितलं होतं. तिथून निघताना हातात कागदांचा एक गठ्ठाही दिला होता. तो गठ्ठा उशाशी होता, मी दोन रात्री जागी होते आणि त्यातलं एक अक्षर मला आठवत नव्हतं.

ताईंनी झबलं वर केलं. घड्याळ बाळाच्या छातीजवळ अशा बेतानं धरलं की काटा आणि पोट दोन्ही एकदम दिसावं. मग त्या गप्प झाल्या. मी काहीतरी विचारायला गेले तर बोट वर करून मला थांबवलं. त्या एका मिनिटात खोलीत कुणीच बोललं नाही. बाळाचं पोट भराभर हललं, मध्येच थांबलं, माझा जीव वर आला, आणि पुन्हा हलायला लागलं.

"बावन्न," त्या म्हणाल्या. "ठीक आहे."

"थांबली होती ना मध्ये?"

"थांबतातच. म्हणून तर पूर्ण मिनिट मोजायचं. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही. नेमकी थांबली त्या वेळी मोजलंत तर कमी भरेल, भरभर घेतला त्या वेळी मोजलंत तर जास्त."

मी शिकलेली आहे, चार पुस्तकं वाचलेली आहेत. पण माझ्या मुलीचा श्वास कसा चालतो हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि ते सांगणाऱ्या बाईकडे पिशवी, स्प्रिंगचा काटा, थर्मामीटर, नोंदवही आणि घड्याळ याखेरीज काही नव्हतं.

श्वास मोजणं दिसायला अगदी साधं आहे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त भरला तर पुन्हा मोजायचा, आणि दुसऱ्यांदाही तेवढाच आला तर धोका मानायचा. दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतपर्यंत ही सीमा ५०, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४०. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल तर आकड्याची वाटही पाहायची नाही. न्यूमोनिया ओळखण्याची ही रीत स्टेथोस्कोप आणि एक्स-रे नसलेल्या घरासाठीच बसवलेली आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं त्यासाठी मण्यांचा श्वासमापक केला. एका मिनिटाची वाळूची घटिका आणि तारेत ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, आणि वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर बाळ आजारी. शंभरापर्यंत मोजता न येणाऱ्या माणसालाही त्यानं न्यूमोनिया ओळखता येतो. याच संस्थेच्या आरोग्यदूतांनी, म्हणजे गावातल्याच बायकांनी, ३९ गावांत घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांना घरीच प्रतिजैविकाचं इंजेक्शनसुद्धा दिलं. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा अहवाल आला. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानानं तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला होता.

हा आकडा मी अनेकदा वाचला आहे. पण बाळाच्या छातीजवळ घड्याळ धरलेला तो हात पाहिल्यावरच मला तो आकडा कसा तयार झाला असेल ते उमगलं. घराघरात एकेक मिनिट गप्प बसून तो झाला आहे.

त्या दिवशी ताईंनी आणखी दोन गोष्टी केल्या. बाळ ओढून पीत नाही हे त्यांनी पाहिलं आणि दूध काढून वाटी-चमच्यानं कसं पाजायचं ते माझ्याकडून करवून घेतलं. करून दाखवलं नाही, करवून घेतलं. दुसरं म्हणजे बाळाला टोपी घालून, बाकी उघडं, माझ्या छातीशी कातडीला कातडी लागेल असं ठेवलं आणि वरून पांघरूण घातलं. कमी वजनाच्या बाळाच्या अंगात ऊब धरून ठेवायला पुरेशी चरबी नसते. ती ऊब आईच्या अंगातून द्यायची ही पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात, काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या म्हणून, डॉक्टरांनी सुरू केली आणि आज जगभर तीच उत्तम मानली जाते. हे सगळं माझ्या उशाशी असलेल्या गठ्ठ्यात लिहिलेलं होतंच. नंतर मी पाहिलं. तिसऱ्या पानावर होतं.

*

१९६१ साली केर व्हाइट नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा हिशेब मांडला. अमेरिका आणि ब्रिटनमधली माहिती घेऊन त्यांनी विचारलं की हजार मोठी माणसं घेतली तर एका महिन्यात त्यांचं काय होतं? उत्तर असं निघालं: ७५० जणांना काही ना काही दुखणं होतं. त्यातले २५० डॉक्टरकडे जातात. ९ जण रुग्णालयात दाखल होतात. आणि मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पोचतो तो एक. ४० वर्षांनी, २००१ मध्ये, हाच हिशेब पुन्हा केला गेला तेव्हाही चित्र जवळपास तेच निघालं.

आपण आरोग्य म्हटलं की त्या एकाचा आणि फार तर त्या नऊंचा विचार करतो. इमारती त्यांच्यासाठी, यंत्रं त्यांच्यासाठी, बातम्या त्यांच्या. उरलेली पाचशे माणसं दुखणं घेऊन घरातच असतात. काहींचं आपोआप बरं होतं, ते ठीकच. पण कुणाचं आपोआप बरं होणार आणि कुणाचं नाही, हे त्या घरात कोण ठरवतं? बहुतेक वेळा थकलेली, घाबरलेली, किंवा ‘एवढ्याशासाठी कशाला जायचं’ म्हणणारी माणसं ठरवतात. रुग्णालय कितीही चांगलं असलं तरी त्याच्या दाराबाहेरचं त्याला दिसत नाही. १९७१ मध्ये वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावात काम करणाऱ्या ज्युलियन ट्युडर हार्ट या डॉक्टरांनी लिहून ठेवलं की चांगली वैद्यकीय सेवा जिथे सगळ्यात जास्त लागते तिथेच ती सगळ्यात कमी मिळते. घरात जाणारी आरोग्य कार्यकर्ती ही गोष्ट उलटी फिरवते. ती दुखणं दारात यायची वाट पाहत नाही.

ही कल्पना आजची नाही. १९३०च्या दशकात चीनमधल्या डिंगशियान परगण्यात चेन झिच्यान या डॉक्टरांनी शेतकऱ्यांमधूनच माणसं निवडली, त्यांना थोडक्यात शिकवलं, औषधांची पेटी दिली, देवी टोचायला आणि गावातल्या जन्ममृत्यूची नोंद ठेवायला लावलं. पुढे चीनचे ‘अनवाणी डॉक्टर’ आले, म्हणजे थोडकं शिकून गावातच उपचार करणारी माणसं. १९७८ च्या सप्टेंबरमध्ये तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या आल्माआटा इथे १३४ देशांचे प्रतिनिधी जमले आणि प्राथमिक आरोग्यसेवेच्या जाहीरनाम्यात सामुदायिक कार्यकर्त्यांना अधिकृत जागा मिळाली.

तोवर जामखेडला ते घडून गेलेलं होतं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथे १९७० मध्ये काम सुरू केलं. त्यांनी आधी प्रशिक्षित परिचारिका गावांत पाठवून पाहिल्या. ते जमलं नाही. शिकून आलेली परकी मुलगी गावात एकटी राहणार कशी, आणि गाव तिचं ऐकणार का? मग गावातलीच, गावानं निवडलेली बाई घ्यायचं ठरलं. त्यातल्या कित्येकींना वाचता येत नव्हतं, कित्येकी ज्यांना गाव शिवत नसे अशा जातींच्या होत्या. आठवड्यातून एकदा त्या जामखेडला यायच्या, बोलून-ऐकून शिकायच्या, एकमेकींना शिकवायच्या, आणि परत जाऊन तेच गावात सांगायच्या. मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. त्या बाईला गावात काय चालतं हे शिकवावं लागलं नाही. कुणाच्या घरात कोण कुणाशी बोलत नाही, कोणती सून आजारपण लपवते, कुणाच्या विहिरीचं पाणी कुणाला मिळत नाही, हे तिला येत होतं. औषधाचं ज्ञान तिला देता आलं. हे दुसरं ज्ञान तिला सोडून इतर कुणाला देता येण्यासारखं नव्हतं.

*

बांगलादेशातल्या ‘ब्रॅक’ संस्थेची गोष्ट मी ज्याला-त्याला सांगत असते, तर इथेही सांगते. १९८० ते १९९० या दहा वर्षांत त्यांच्या महिला कार्यकर्त्या घरोघर गेल्या आणि जुलाबात पाजायचं मीठ-गुळाचं पाणी करायला त्यांनी एकेका आईला शिकवलं. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. सभा घेऊन नाही, पत्रकं वाटून नाही, एका वेळी एका घरात. अशा १ कोटी २० लाखांहून अधिक घरांत त्या पोचल्या.

पैसे देण्याची पद्धत वेगळी होती. कार्यकर्ती किती घरांत गेली यावर तिचा पगार ठरत नसे. काही आठवड्यांनी दुसरं माणूस त्यातल्या काही घरांत जाई आणि आईला विचारी की काय काय आठवतंय, पाणी करून दाखव. आईला जितकं आठवत असेल त्यावर शिकवणारीचे पैसे ठरत. बायका पाठ म्हणून दाखवत, पाणीही बिनचूक करत. पण खरोखर मुलाला जुलाब झाले की फार थोड्या घरांत ते पाजलं जाई. शोधता शोधता कळलं की शिकवणाऱ्या बायकाच स्वतःला जुलाब झाले की ते पाणी पीत नव्हत्या, त्यांचाच त्यावर पुरता विश्वास नव्हता. मग त्यांना पुन्हा शिकवलं. अंगातलं पाणी जातं म्हणजे काय होतं, मीठ आणि साखर मिळून आतड्यातून पाणी कसं शोषलं जातं, सगळं समजावून सांगितलं. घरातल्या पुरुषांशीही बोलणं सुरू केलं, कारण त्यांना वगळून घरात काही बदलत नव्हतं. त्यानंतर वापर वाढला.

ही गोष्ट मला का धरून ठेवते? कारण समोरची बाई तोंडानं सांगतेय ते तिला स्वतःला पटलेलं आहे की नाही, हे घरातल्या माणसाला बरोबर कळतं. आमच्या ताईंनी टॉवेल नाकारला तेव्हाच माझं निम्मं ऐकून झालं होतं.

*

सातव्या दिवशी ताई पुन्हा आल्या. झोळीत बाळ घालून काटा वर उचलला, तर वजन १९८०. जन्माच्या वेळेपेक्षा कमी. माझ्या पोटात खड्डा पडला. त्यांनी मागचा आकडा दाखवला. पहिल्या काही दिवसांत प्रत्येक बाळाचं वजन थोडं उतरतं, दहा-चौदा दिवसांत भरून येतं, हे त्यांनी सांगितलं आणि मग म्हणाल्या, "चौदाव्या दिवशी मी येणारच आहे. तेव्हा बघू." मला धीर आला तो या वाक्यानं. माहिती तर कुठूनही मिळाली असती. ‘मी येणारच आहे’ असं दुसरं कुणी म्हणालं नव्हतं.

चौदाव्या दिवशी वजन २२६० होतं. ताईंनी नोंदवहीतले प्रश्न विचारले. बाळ नीट पितं? हो. ताप? नाही. नाळ? कोरडी आहे. तुम्हाला काही त्रास? नाही. मी सगळी उत्तरं बरोबर दिली. त्यांनी वही बंद केली, पण उठल्या नाहीत. थोड्या वेळानं म्हणाल्या, "रात्री बाळ झोपलं की तुला झोप लागते का गं?"

त्या तोवर मला ‘तुम्ही’ म्हणत होत्या.

लागत नव्हती. बाळ झोपलं तरी मी छताकडे बघत पडत असे. बाळ रडलं की उठत असे, सगळं करत असे, आणि हे बाळ आपलं नाही, आपण कुणाच्या तरी घरात कामाला आहोत, असं काहीतरी डोक्यात फिरत असे. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं ते काही आहे हेच मला ठाऊक नव्हतं. बाळंतपणानंतर येणाऱ्या नैराश्यात बाळ झोपलेलं असतानाही आईला झोप न लागणं ही एक मोठी खूण असते. हा प्रश्न ताईंच्या वहीत छापलेला नव्हता. कुठल्या तरी प्रशिक्षणात ऐकलेला, किंवा पुष्कळ घरं पाहून त्यांचा त्यांनाच सापडलेला. मी कधी विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात त्या दोनदा आल्या. त्या फेऱ्यांचा रकाना वहीत नव्हता. सासूबाईंशी आणि माझ्या नवऱ्याशी त्या बाहेरच्या खोलीत बोलल्या, काय बोलल्या ते मला आजही नीट माहीत नाही. पण रात्रीची एक पाळी नवऱ्यानं घेतली, आणि विसाव्या दिवशी मला डॉक्टरांकडे न्यायला ताई स्वतः बरोबर आल्या. बाहेर बाकावर बसून राहिल्या. आत जाताना त्यांनी माझं बाळ घेतलं.

हैतीमध्ये पॉल फार्मर या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्षय आणि एचआयव्हीच्या रुग्णांसाठी गावातलीच माणसं नेमली. ती रोज घरी जाऊन गोळ्या देत आणि घरात काय कमी आहे ते पाहत. त्यांना डॉक्टर किंवा नर्स यांच्या नावावरून बेतलेलं नाव दिलं नाही. फ्रेंचमध्ये त्यांना ‘आकोंपान्यातर’ म्हणत, म्हणजे सोबत करणारा. त्या बाकावर बसलेल्या ताई मला आठवतात तेव्हा हाच शब्द बरोबर वाटतो.

*

आता जे मला सलतं ते.

ज्या कामानं इतकं होतं, ते करणाऱ्या बाईला जगातल्या बहुतेक ठिकाणी पगार नाही. मानधन, भत्ता, प्रोत्साहन असे शब्द आहेत. ती कर्मचारी नाही, स्वयंसेविका आहे. ‘सेवा’ हा शब्द मोठा आहे, पण तो ज्यांच्याबद्दल वापरला जातो त्या बहुतेक बायका असतात, गरीब असतात, आणि त्याच मापानं त्यांच्या वरच्या कुणाचाही पगार ठरत नाही. भारतात २००५ पासून ‘आशा’ कार्यकर्त्या आहेत, सुमारे १० लाख. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्यांचा जागतिक पुरस्कार देऊन गौरव केला. त्याच वेळी अफगाणिस्तानातल्या आठ पोलिओ कार्यकर्त्यांचाही गौरव झाला. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत तखार आणि कुंदुझ प्रांतांत, पोलिओ डोसच्या मोहिमेवर असताना त्यांना गोळ्या घातल्या गेल्या होत्या. गौरव झाला याचा मला आनंदच आहे. पण गौरवानं महिना निघत नाही. त्याच संघटनेनं २०१८ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत: कार्यकर्त्यांना कामाच्या मानानं पैसे द्या, लेखी करार करा, आणि निव्वळ किंवा मुख्यतः कामागणिक मिळणाऱ्या प्रोत्साहनावर त्यांना ठेवू नका. हे जमत नाही असंही नाही. ब्राझीलच्या सिआरा राज्यात १९८७ मध्ये दुष्काळात रोजगार म्हणून हजारो बायकांना आरोग्यकामाला लावलं, पुढे देशभर तो पगारी पेशा झाला आणि आज तिथे अडीच लाखांहून अधिक कार्यकर्ते आहेत. इथिओपियानं २००३ पासून प्रत्येक वस्तीला दोन पगारी स्त्रिया दिल्या.

कामागणिक पैसे देण्यात आणखी एक वाकडेपणा आहे. टोचलेल्या लसीचे पैसे मिळतात, दवाखान्यात नेलेल्या बाळंतिणीचे मिळतात. मला विचारलेल्या त्या प्रश्नाचे कोण देणार? तो कोणत्या रकान्यात लिहायचा? ज्याचे पैसे मिळतात ते काम वाढतं आणि बाकीचं हळूहळू गळून जातं, हे साधं आहे. ते गळत नसेल तर ती बाई स्वतःच्या खिशातून ते करत असते.

आणि दुसरी गोष्ट, जी पैशाहूनही मला जास्त बोचते. कार्यकर्ती एखाद्या आईला समजावून, घरच्यांशी भांडून, बाळाला रुग्णालयात पाठवते. तिथे औषध नसतं, डॉक्टर नसतात, किंवा कुणी तरी त्या आईवर खेकसतं. पुढच्या वेळी त्या घराचं दार उघडत नाही. चूक दुसऱ्याची असते, पण शब्द तिनं दिलेला असतो. तिच्याकडे भांडवल असतं ते एवढंच, आणि ते संपलं तर काटा, थर्मामीटर आणि घड्याळ घेऊनही ती दारातच उभी राहते. कार्यकर्त्या नेमल्या म्हणजे रुग्णालयांवर खर्च करायला नको, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे एकदा पाहावं.

*

मुलगी तीन वर्षांची असताना तिला एका रात्री ताप आला. खोकला चार दिवसांपासून होताच. नवरा म्हणाला, सकाळी जाऊ. मलाही तसंच वाटत होतं, कारण ती झोपली होती. तरी मी दिवा लावला, तिचा सदरा वर केला आणि घड्याळ तिच्या छातीजवळ धरलं. सत्तेचाळीस. पाच मिनिटं थांबले, पुन्हा मोजलं. सेहेचाळीस. बरगड्यांखाली ओढ होती की नव्हती ते मला दिव्याच्या उजेडात ठरवता येईना, पण चाळिसाच्या वर दोनदा गेलं होतं. आम्ही निघालो.

तिला न्यूमोनियाच होता. लवकर आणली म्हणून तोंडानं द्यायच्या औषधावर भागलं.

आठ-दहा दिवसांनी ताई रस्त्यात भेटल्या. खांद्याला तीच पिशवी, पुढच्या कुणाच्या तरी घरी निघालेल्या. मी त्यांना सगळं सांगायला लागले. मध्येच त्यांनी माझा हात धरला.

"पूर्ण मिनिट मोजलंस ना?"